ॲसिटोनने पुसूनही पांढरा थर राहतोय किंवा चिकटवलेलं सुटतंय? या क्रमाने तपासा

काही चिकटवायच्या किंवा रंगवायच्या आधी ॲसिटोनने पुसून घ्या असं सगळेच सांगतात, लोक मन लावून पुसतातही, आणि तरी काम बिघडतं. अशी बिघडलेली कामं मी सतत निस्तरत असतो आणि बहुतेक वेळा ॲसिटोनचा त्यात काही दोष नसतो, दोष पुसायच्या पद्धतीत, कापडात, बाटलीत नाहीतर ज्यावर पुसतोय त्या वस्तूतच असतो. एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा, ॲसिटोन घाण नाहीशी करत नाही, ते फक्त घाण विरघळवतं. मग ते स्वतः उडून जातं आणि विरघळलेलं सगळं जिथे होतं तिथेच ठेवून जातं, तुम्ही ते मधल्या काही सेकंदांत उचललं नाही तर.

आधी लक्षणं बघा, तुमचं नक्की कुठलं ते ठरवा:

- पुसल्या पुसल्या धुरकट थर येतो आणि थोड्या वेळाने आपोआप जातो. हा ओलावा.
- थर आपोआप जात नाही, परत ॲसिटोन लावलं की जातो, वाळलं की परत येतो, पण दरवेळी त्याच्या कडा सरकलेल्या असतात. ही मागे राहिलेली घाण.
- ओलं असताना काही दिसत नाही, वाळलं की हुबेहूब त्याच जागी त्याच आकारात पांढरं. साध्या पाण्याने ओलं केलं तरी तसंच होतं. इथे थर वगैरे काही नाही, सरफेसच खराब झालाय.
- ॲसिटोनने थर हलत नाही किंवा नुसता फासला जातो, कोमट पाण्याने मात्र निघतो. मीठ, साबण किंवा इपॉक्सीवर (दोन भाग मिसळले की घट्ट होणारी राळ) येणारा मेणचट थर.
- दिसायला एकदम स्वच्छ, पण चिकटवलेलं अख्खं सोलून निघतं आणि एका बाजूला गोंदाचा कणही राहिलेला नसतो.
- रंग मारला की गोल गोल खड्डे पडतात, रंग तिथून मागे सरतो आणि मधे खालचा तळ दिसतो.
- प्लॅस्टिकवर केसासारख्या बारीक चिरा, कधी लगेच, कधी दुसऱ्या दिवशी.

दुसरं आणि तिसरं लक्षण लोक नेहमी एकमेकांत घोळतात, म्हणून पाण्याची ती टेस्ट नक्की करा, फुकटची आहे. सरफेस खरखरीत झाला की प्रकाश विखुरतो म्हणून पांढरं दिसतं, द्रवाने खाचा भरल्या की दिसेनासं होतं, आणि माणूस समजतो की निघतंय, मग अजून घासतो.

काही करायच्या आधी हे वाचाच. ॲसिटोनचा फ्लॅश पॉइंट उणे २० अंश सेल्सिअसच्या आसपास आहे, म्हणजे कुठल्याही राहत्या खोलीत त्याची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते. हवेत साधारण अडीच ते तेरा टक्के वाफ असली की ती पेटते आणि ही वाफ हवेच्या दुप्पट जड असते, ती वर जात नाही, जमिनीलगत सरपटत लांब जाते आणि पलीकडच्या शेगडीपर्यंत, गीझरच्या ज्योतीपर्यंत पोचते. खिडक्या-दारं उघडी, ज्योत बंद, हीट गन आणि ग्राइंडर लांब, डोळ्याला गॉगल. आणि ॲसिटोन ब्लीचमध्ये किंवा हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये कधीही, कशासाठीही मिसळायचं नाही, ब्लीचबरोबर क्लोरोफॉर्मसारखे विषारी पदार्थ तयार होतात आणि पेरॉक्साइडबरोबर स्फोटक. "जास्त स्ट्राँग क्लीनर" बनवायला जाणारे लोक खरंच असतात म्हणून इतकं ठासून लिहितोय.

वस्तू कशाची आहे ते बघा

याला काही खर्च नाही आणि हे चुकलं तर पुढचं सगळं वाया, म्हणून पहिलं हेच. प्लॅस्टिकच्या वस्तूच्या मागे त्रिकोणात आकडा असतो तो शोधा. २, ४ आणि ५ म्हणजे पॉलिथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन, यांना ॲसिटोन काही करत नाही. ६ म्हणजे पॉलिस्टायरीन, ते विरघळतं. ३ म्हणजे पीव्हीसी, ते फुगून मऊ पडतं. ७ मध्ये बाकी सगळे कोंबलेले असतात, त्यात पॉलिकार्बोनेट आणि एबीएसही येतात आणि दोघांचं ॲसिटोनशी वाकडं आहे. ॲक्रिलिकचंही तसंच, वरवर बघून काच वाटते पण काच नसते, नखाने वाजवून बघा, आवाजात फरक कळतो.

असं का होतं हेही समजून घ्या म्हणजे पाठ करायला लागणार नाही. ॲसिटोनच्या रेणूत मधे कार्बन-ऑक्सिजनचा दुहेरी बंध आहे, तो ध्रुवीय, म्हणजे पाण्याच्या बाजूचा, आणि दोन्ही बाजूंना एकेक मिथाइल गट, ते तेलाच्या बाजूचे. म्हणून हा पदार्थ पाण्यातही कुठल्याही प्रमाणात मिसळतो आणि तेल, राळ, रंग, बरेचसे गोंदही विरघळवतो. पॉलिस्टायरीन, ॲक्रिलिक, एबीएस यांच्या साखळ्यांमध्ये तो सहज शिरतो. पॉलिथिलीन-पॉलिप्रॉपिलीन मात्र पूर्ण अध्रुवीय आणि बरेचसे स्फटिकासारखे घट्ट रचलेले, तिथे त्याला शिरायला जागाच नाही.

पॉलिकार्बोनेटचं प्रकरण जास्त वाईट आहे कारण तो कधीकधी लगेच काही दाखवत नाही. साच्यातून काढताना किंवा स्क्रू आवळताना त्याच्या आत ताण राहिलेला असतो, ॲसिटोनने साखळ्या सैल झाल्या की तो ताण चिरा पाडून बाहेर येतो. तिसरं लक्षण असेल किंवा चिरा दिसत असतील तर पुसणं तिथेच थांबवा. चिरा कुठल्याही क्लीनरने जात नाहीत. तकलादू शोभेची वस्तू असेल तर पॉलिश करून चालवून घ्या, पण हेल्मेट, सेफ्टी गॉगल, मशीनवरचं गार्ड असं काही असेल तर ती वस्तू बाद, दिसायला कितीही ठीक असू दे. चष्म्याच्या काचा, कॅमेऱ्याच्या लेन्स, फोनची स्क्रीन, यांच्यावर कोटिंग असतं, त्यांना ॲसिटोन लावायचंच नाही.

शंका असेल तर न दिसणाऱ्या कोपऱ्यात कापसाच्या काडीने एक थेंब लावा, अर्ध्या मिनिटाने बोट फिरवा, चिकट लागलं किंवा चमक गेली तर समजा. एक दिवस थांबून परत बघा, चिरा उशिरा येतात.

पुसायची पद्धत

माझ्याकडे आलेल्या कामांत सगळ्यात जास्त केसेस इथेच संपतात. लोक एक कापड भिजवतात आणि अख्ख्या वस्तूवर फिरवत फिरवत वाळेपर्यंत पुसत राहतात. ॲसिटोन ५६ अंशाला उकळतं, आयसोप्रोपिल अल्कोहोल जवळजवळ तेवढ्याच वजनाचा रेणू असून ८२ ला उकळतं, कारण अल्कोहोलचे रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरून ठेवतात आणि ॲसिटोनकडे तसा द्यायला हायड्रोजन नाही. म्हणून ते इतकं भराभर उडतं. तुम्ही दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिल्या टोकाला तेल परत बसलेलं असतं, फक्त आता ते सगळीकडे सारखं पसरलंय म्हणून दिसत नाही.

दोन कापडं घ्या. एक ओलं, एक कोरडं. तळहाताएवढ्या जागेवर ओलं कापड फिरवा आणि ती जागा ओली असतानाच कोरड्या कापडाने उचलून घ्या, एकाच दिशेने, गोल गोल नाही. मग कापडाची घडी बदला, पुढची जागा. ओलं कापड बाटलीच्या तोंडाला लावायचं नाही आणि ॲसिटोनच्या वाटीत परत बुडवायचं नाही, नाहीतर वाटीतलं सगळंच खराब होतं, कापडावर बाटलीतून ओतायचं. शेवटी कोरडं कापड बघा, त्यावर काही येत असेल तर परत एकदा. येईनासं झालं की झालं. मोठा सरफेस असेल तर ॲसिटोनचा हट्ट सोडा आणि आयसोप्रोपिल घ्या, ते सावकाश उडतं, उचलायला वेळ मिळतो.

कापड, हातमोजे, बाटली

पद्धत बदलूनही थर येतोय तर घाण तुम्ही स्वतःच आणून लावताय का ते बघा. एक स्वच्छ काचेची पट्टी घ्या, साबणाने धुऊन, नुसत्या पाण्याने खळखळून, वाळवून. कापडाचा तुकडा काचेच्या वाटीत ॲसिटोनमध्ये दोन मिनिटं ठेवा, त्यातले चार थेंब पट्टीवर टाका, उडू द्या, मग उजेडात तिरकं धरून बघा. गोल कडी उमटली तर कापडातून काहीतरी निघतंय. फॅब्रिक सॉफ्टनर टाकून धुतलेलं कापड, लोशनवाले टिश्यू, छापील किंवा गडद रंगाच्या चिंध्या, हे नेहमीचे गुन्हेगार. काही चकचकीत अस्तराची कापडं सेल्युलोज ॲसिटेटची असतात, ती तर ॲसिटोनमध्ये चक्क विरघळतात आणि त्याचाच पातळ पापुद्रा सरफेसवर बसतो. पांढरं, जुनं, बऱ्याचदा धुतलेलं, सॉफ्टनर न लावलेलं सुती कापड सगळ्यात भारी.

हातमोज्यांचंही तेच. व्हिनाइलच्या मोज्यांमधलं प्लॅस्टिसायझर (प्लॅस्टिक मऊ ठेवणारं द्रव्य) ॲसिटोन ओढून काढतं, ते तेलकट असतं. पावडरवाल्या मोज्यांची पावडर पडते. निळे पातळ नायट्राइल मोजे लोक बिनधास्त घालतात पण ॲसिटोनपुढे ते फार वेळ टिकत नाहीत, थोड्याच वेळात फुगतात आणि द्रव आत येतो, म्हणून भिजले की लगेच बदलायचे. जास्त वेळ काम असेल तर ब्युटाइल रबरचे घ्या. उघड्या हाताने काम करू नका, ॲसिटोन कातडीतलं तेल खेचून घेतं, हात फाटतात, आणि वर तुमच्या बोटांचं तेल वस्तूवर जातं ते वेगळंच.

बाटली काचेची, धातूची किंवा एचडीपीईची (त्रिकोणात २ असलेलं पॉलिथिलीन) हवी. बाटली बरोबर असते आणि झाकणातली रबरी चकती नाहीतर ड्रॉपरचा फुगा विरघळत असतो हे खूप वेळा बघितलंय, म्हणून बाटलीतले आणि मूळ डब्यातले थेंब शेजारी शेजारी टाकून तुलना करा.

ॲसिटोन खरंच ॲसिटोन आहे का

मूळ डब्यातले थेंबही कडी सोडतायत तर मालच खराब. पहिला प्रश्न, तुम्ही नेलपॉलिश रिमूव्हर तर वापरत नाही ना? त्यात नखं कोरडी पडू नयेत म्हणून तेल, ग्लिसरीन, सुगंध, रंग घातलेले असतात, नखासाठी ते चांगलंच आहे, चिकटवण्याआधी पुसायला मात्र अगदी उलटं. बाटलीवर "ॲसिटोन फ्री" असेल तर त्यात वेगळंच सॉल्व्हंट आहे. थिनर म्हणजेही ॲसिटोन नव्हे, ते मिश्रण असतं, प्रत्येक कंपनीचं वेगळं.

दुसरा प्रश्न पाण्याचा. झाकण सैल राहिलं की ॲसिटोन हवेतला ओलावा शोषून घेतं आणि वापरताना आधी ॲसिटोन उडतं, पाणी मागे राहतं. याची सोपी परीक्षा वजनाची आहे. काचेच्या मापात १०० मिलिलिटर मोजा आणि वजन करा, २० अंशाच्या आसपास ते ७९ ग्रॅम भरायला हवं, गरम खोलीत एखाद ग्रॅम कमी. ८१-८२ भरलं तर त्यात पाणी किंवा दुसरं काहीतरी आहे. माप बरोबर आहे ना ते आधी पाण्याने बघून घ्या, १०० मिलिलिटर पाणी १०० ग्रॅमच्या जवळ यायला हवं, मग माप पूर्ण कोरडं करा. निर्जल कॉपर सल्फेट मिळत असेल तर त्याची पांढरी पूड चिमूटभर टाका, पाणी असेल तर निळी होते. पाणी आलेलं ॲसिटोन घरी उकळून शुद्ध करायच्या भानगडीत अजिबात पडू नका. ते ब्रश धुवायला ठेवा आणि या कामाला नवं घ्या.

हवा आणि वेळ

आपोआप जाणारा धुरकट थर म्हणजे दव. एक ग्रॅम ॲसिटोन उडताना साधारण ५३० ज्यूल उष्णता घेऊन जातं, ती येते वस्तूकडून, म्हणून पातळ पत्रा किंवा काच झपकन गार होते आणि हवा दमट असेल तर तिच्यातलं पाणी तिथे जमतं. थर गेला म्हणून काम संपलं असं नाही, त्या ओलाव्यावर तुम्ही गोंद लावला असेल तर तो आत अडकलाय. लॅकर मारताना पांढरी झाक येते तीही याच कारणाने. उपाय साधा आहे, वस्तू खोलीपेक्षा थोडी कोमट असू द्या, आधी गरम करा आणि ज्योत-हीटर लांब नेल्यावर पुसा, थोडं थोडं ॲसिटोन वापरा, आणि पुसल्यावर दहा-पंधरा मिनिटं थांबा. पावसाळी हवेत हे काम पुढे ढकललं तर सगळ्यात उत्तम.

फार थांबणंही बरोबर नाही. स्वच्छ केलेला धातू रात्रभर उघडा ठेवला की त्यावर हवेतलं तेल-धूळ परत बसते.

ॲसिटोनला न जुमानणारी घाण

इथून पुढे जरा मेहनत आहे. घामातलं मीठ, साबणाचा अंश, गंज, हे ॲसिटोनमध्ये विरघळत नाहीत, मेणही जेमतेम. म्हणून वस्तू आधी कोमट पाणी आणि भांड्यांच्या लिक्विडने धुवा, भरपूर पाण्याने खळखळा, पूर्ण वाळवा आणि मगच ॲसिटोन. घासायचं असेल तर घासण्याच्या आधीही ॲसिटोनने पुसा, कारण तेलकट धातूवर सँडपेपर मारला की तेल ओरखड्यांमध्ये दाबलं जातं आणि मग ते काढणं फार अवघड.

धातू आणि काचेसाठी पाण्याची परीक्षा करा, मला स्वतःला सगळ्यात जास्त भरवसा हिचाच आहे. स्वच्छ पाणी ओता, वस्तू तिरकी धरा. पाण्याचा पडदा अर्धा मिनिट अखंड राहिला तर तेल गेलंय. पाणी फाटून थेंब झाले तर जिथे फाटलं तिथे अजून काहीतरी आहे, डोळ्याला दिसत नसलं तरी. फक्त आधी साबण पूर्ण गेलाय याची खात्री करा, साबण राहिला तर तेल असूनही पाणी पसरतं. परीक्षेनंतर परत वाळवा.

इपॉक्सीचा एक थर दिल्यावर दुसरा देताना जो मेणचट पांढरा थर दिसतो त्यावर लोक ॲसिटोन घासत बसतात. हा थर हार्डनरमधल्या अमाइनची हवेतल्या ओलाव्याशी आणि कार्बन डायऑक्साइडशी क्रिया होऊन येतो, तो पाण्यात विरघळतो, ॲसिटोनने नुसता पसरतो. कोमट पाणी आणि खरखरीत स्क्रबर, मग वाळवून सँडपेपर. इन्स्टंट ग्लूच्या कडेने येणारी पांढरी पूड वेगळी, ती गोंदाची स्वतःची वाफ बाहेर जाऊन बसलेली असते, तिथे गोंद कमी लावणं आणि हवा खेळती ठेवणं एवढाच उपाय, आणि ओला इन्स्टंट ग्लू सुती कापडाने टिपू नका, क्रिया इतकी गरम होते की कापड धुमसू शकतं, शेजारी ॲसिटोन असेल तर विचार करा.

आता सिलिकॉन. रंगाला गोल खड्डे पडतायत आणि वरचं सगळं तपासून झालंय तर बहुधा हेच. पॉलिशचे स्प्रे, वंगणाचे स्प्रे, सीलंट, हँडक्रीम, कुठूनही येतं. पक्कं झालेलं सिलिकॉन ॲसिटोनमध्ये विरघळत नाही, आणि सिलिकॉन तेलाचा अंश पुसून कमी होण्याऐवजी नुसता पसरतो. सीलंट असेल तर ब्लेडने खरवडून काढा, तेल असेल तर रंगाच्या दुकानात सिलिकॉन रिमूव्हर म्हणून मिळतं ते दोन कापडांच्या पद्धतीने वापरा, आणि तो स्प्रे त्या खोलीतून कायमचा बाहेर काढा.

सगळं स्वच्छ आहे, पाण्याची परीक्षा वगैरे लागूच होत नाही कारण वस्तू पॉलिथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीनची आहे, आणि गोंद सोलून निघतोय? मग सफाईचा प्रश्नच नाही. या प्लॅस्टिकची पृष्ठऊर्जा इतकी कमी असते की गोंद त्यावर नीट पसरतच नाही. त्यासाठी वेगळा प्रायमर किंवा याच प्लॅस्टिकसाठी बनवलेला दोन भागांचा गोंद लागतो, नाहीतर सरळ स्क्रू-रिव्हेट.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

गाडीचा रंग, आणि दोन वेळा नीट प्रयत्न करूनही खड्डे येतायत, तर थांबा, प्रत्येक नव्या थराबरोबर काढायचं काम वाढत जातं, पेंटरला दाखवा. खूप जुन्या इमारतीचा रंग काढताय तर त्यात शिसं असू शकतं, तपासून घेतल्याशिवाय घासू नका. ब्रेक, गॅसची लाइन, वजन पेलणारा जोड, मुलांच्या पाळण्याचा भाग, असलं काही घरी चिकटवून बघायचं नाही. कोंदट टाकीत, तळघरात किंवा पूर्ण खोलीच्या फरशीवर ॲसिटोन ओतून काम करायचं असेल तर ते घरगुती काम राहिलेलंच नाही, त्याला वायुवीजन आणि ठिणगी न पडणारी उपकरणं असलेली माणसं लागतात.

डोकं दुखायला लागलं, गरगरलं, तर काम सोडून मोकळ्या हवेत जा, आणि बरं वाटत नसेल तर डॉक्टर. डोळ्यात उडालं तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याने धुवा, लेन्स असतील तर काढा, आणि मग डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा, दुखायचं थांबलं तरी जा. मूल चुकून प्यायलं तर उलटी करवू नका, लगेच दवाखाना, आणि बाटली बरोबर न्या.

उरलेलं ॲसिटोन सिंकमध्ये ओतू नका, पाइप पीव्हीसीचा असतो आणि वाफ ड्रेनेजमध्ये साचते. भिजलेली कापडं बाहेर उघड्यावर, ज्योतीपासून लांब एकेक पसरून वाळू द्या किंवा झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवा, आणि शिल्लक द्रव घातक कचरा घेणाऱ्यांकडे द्या.